डुकरिणीचा बारावा दिवस

या बाईंना दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक आपल्या भक्तीचा, दुसरा आपल्या अक्षराचा. भक्तीचा अभिमान बाळगू नये हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तो त्या फक्त देवासमोरच बोलून दाखवत. अक्षराचा मात्र राजरोस. दुपारची भांडी आवरली की त्या वही काढून दिवसभराची हकीकत लिहीत. ती वही आजवर कोणी वाचायला मागितली नव्हती. लोक भिडस्त असतात, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

त्यांचे यजमान डुकरांच्या संशोधन केंद्रात तीस वर्षं नोकरीला. काम एकच, पण सगळं त्यावर उभं. कोणती डुकरीण कधी माजावर आली, ते ओळखायचं. पाठीवर दोन्ही हातांनी भार दिला आणि ती जागच्या जागी खांबासारखी उभी राहिली, की माज पक्का. मग तिला नर दाखवायचा आणि तारीख रजिस्टरात लिहायची. त्यांची तारीख कधी चुकली नव्हती.

केंद्रातल्या मॅडमचा प्रबंध या तारखांवर चालला होता. गर्भाशयात प्रोस्टाग्लॅन्डिन नावाचं द्रव्य तयार होतं. ते निरोप्यासारखं काम करतं, आणि तो निरोप ऐकणारे कान म्हणजे रिसेप्टर. गाभण राहिलेल्या डुकरिणीच्या गर्भपिशवीत बाराव्या दिवशी हे कान किती असतात, ते मॅडमना मोजायचं होतं. यजमानांनी हे घरी समजावून सांगितलं, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "एवढे कान असून उपयोग काय? माझ्या घरात चार आहेत, एक तरी ऐकतो का?"

"वहिनी, त्यातले दोन तुमचेच आहेत," भेटायला आलेली नणंद म्हणाली.

तर यजमानांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर बारीक अक्षर लिहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पाठ दाबायला डोळे लागत नाहीत, म्हणून ते कामावर जात राहिले. रजिस्टर मात्र घरी येऊ लागलं. ते तारीख सांगत, बाई लिहीत. शेजारच्या रकान्यात 'कितवा दिवस' तेही भरत. पहिल्या पानावर सूचना छापलेल्या होत्या, पण सूचना अडाण्यांसाठी असतात असं बाईंचं मत. रकाने असे सुरेख भरले की बघत राहावं.

सहा डुकरिणी होत्या. पहिल्या दोघी बाराव्या दिवशी कत्तलखान्यात गेल्या, त्यांच्या पिशव्या प्रयोगशाळेत आल्या. त्या संध्याकाळी यजमान ताटावर बसले, पण घास उचलेनात.

"काय झालं?"

"चुकलो मी. बाराव्या दिवशी पिशवी धुतली की गर्भ धाग्यासारखे लांब निघतात. आज निघाले ते मण्यांसारखे गोल. मणी म्हणजे अकरावा दिवस. मला माज एक दिवस आधीच दिसला म्हणायचा. नसलेला दिसला."

"मॅडम काय म्हणाल्या?"

"काही नाही. तेच तर. ओरडल्या असत्या तर बरं होतं." त्यांनी ताट सरकवलं. "डोळ्यांबरोबर हातही गेले बहुतेक. सोमवारी सांगतो साहेबांना, मोकळं करा मला."

बाईंनी सहज म्हणून रजिस्टर उघडलं. खरं तर आपलं अक्षर बघून जरा बरं वाटेल म्हणून. पहिलं पान आडवं आलं. तिथे ठळक अक्षरात छापलं होतं: माज दिसला तो दिवस शून्य धरावा.

बाईंनी तो एक धरला होता. त्यांचा कोणताही जपाचा नेम ज्या दिवशी सुरू होई, तो पहिलाच. देवाकडे शून्यावा दिवस नसतो. असता तर बाईंनी तोही मोजून घेतला असता.

त्या तशाच देवापुढे जाऊन बसल्या. तासभर बोलणी झाली. बाईंनी एक्कावन्न माळा देऊ केल्या, मग एकशे एक. अट एवढीच की मण्यांचे धागे व्हावेत आणि कोणाला काही कळू नये. देव काही बोलला नाही. उद्या सकाळी आठला आणखी दोघी जाणार होत्या, पुन्हा एक दिवस आधी, हे मात्र कोणीतरी कानात सारखं सांगत होतं.

सकाळी यजमान निघाले आणि पाठोपाठ, अर्धी वेणी तशीच ठेवून, बाई. केंद्राच्या फाटकात गाडी उभी, दोघी डुकरिणी वर चढवलेल्या. बाई रजिस्टर छातीशी धरून गाडीपुढे उभ्या राहिल्या.

"ताई, बाजूला व्हा," ड्रायव्हर म्हणाला.

"होणार नाही! या अकराव्या आहेत!"

ड्रायव्हरने मागे वळून डुकरिणी मोजल्या. दोनच होत्या.

तेवढ्यात मॅडम आल्या, मागून यजमान. बाईंनी एका श्वासात सगळं सांगितलं. मॅडमनी रजिस्टर घेतलं, बोटांवर दिवस मोजले, पुन्हा मोजले.

"म्हणजे यांचा माज बरोबर होता?"

"त्यांचं सगळं बरोबर होतं. आकडा माझा."

"अक्षर इतकं छान, म्हणून मी तारखा तपासल्याच नाहीत," मॅडम म्हणाल्या. बाईंना आयुष्यात मिळालेली अक्षराची ही एकमेव पावती. "कालच्या दोघी गेल्याच. नव्या दोघी माजावर येऊन बारा दिवस होईपर्यंत माझा प्रबंध अडला." मग ड्रायव्हरला म्हणाल्या, "उतरवा. उद्या या."

दुसऱ्या दिवशी त्या दोघींच्या पिशव्यांतून धागेच धागे निघाले. यजमानांनी भिंगातून स्वतः पाहिले. घरी येताना मात्र ते, सोबत आलेल्या बाईंच्या दोन पावलं पुढेच चालत राहिले.

"आता काय झालं?" बाईंनी विचारलं.

"तुला केव्हा कळलं?"

"परवा. तुम्ही ताट सरकवलंत, तेव्हा."

"आणि रात्रभर मला तसंच पडू दिलंस?"

"मी देवाशी बोलत होते."

"मी शेजारच्या खाटेवर होतो. जागा."

कोपऱ्यावर वळताना त्या हळूच म्हणाल्या, "चुकलं माझं." हे शब्द त्या देवापुढे रोज म्हणत, माणसाला म्हणायची ही पहिलीच वेळ.

यजमानांनी चाल हळू करून त्यांना बरोबर येऊ दिलं. मग म्हणाले, "सोमवारी साहेबांकडे जात नाही मी. नव्या दोघी बघायच्यात."