धाकटीचे खाकरणे

पहाटे तापत्या दुधाचा वास घरभर पसरण्याआधी आमच्याकडे एक खाकरणे ऐकू येते. सभेत बोलायला उभ्या राहिलेल्या वयोवृद्ध अध्यक्षांनी घसा साफ करावा तसे, आधी आखूड, मग लांब. भाषण मात्र कधीच सुरू होत नाही. माझ्या ओळखीत विक्षिप्त माणसांची वानवा नाही. पुण्यात ती कोणालाच नसते. पण त्या साऱ्यांना मागे टाकणारी व्यक्ती माझ्याच घरात राहते, सात वर्षांची आहे आणि माझी धाकटी लेक आहे.

खाकरण्यापाठोपाठ तिचा उजवा खांदा कानाकडे झेपावतो, जणू कोणी अदृश्य मैत्रीण तिला गुदगुल्या करते आहे. डॉक्टरांनी याला टिक्स म्हटले आणि लक्ष एका जागी न ठरण्याला आणखी एक लांबलचक नाव दिले. ती मुद्दाम करत नाही, रागावू नका, असेही सांगितले. शेजारच्या काकूंना हे कोण सांगणार? भिंतीपलीकडून ऐकून त्यांनी एकदा जिन्यात विचारले, "सासरे आलेत वाटतं गावाहून?"

"नाही हो, धाकटी आहे."

"असं. वयाच्या मानानं फारच पोक्त आहे."

मीठ आणायला पाठवावे तर ती स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते, पण मीठ तिच्या मनातून वाटेतच गळून पडते. बऱ्याच वेळाने रिकाम्या हाताने परतून विचारते, "आई, पाल झोपली की भिंतीवरून तिचे पाय सुटत नाहीत का गं?" आमटी अळणीच राहते, तिचे बाबा ती मुकाट जेवतात आणि पालीचा विचार करत बसतात. एका पायात मोजा चढवून ती दुसऱ्याच्या शोधात निघते आणि गॅलरीत मुंग्यांच्या रांगेपाशी सापडते. रविवारी आम्हाला ओढत कसबा पेठेत नेते, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या आळीत. तापल्या धातूचा वास, हातोड्यांचा एकसारखा गजर, आणि त्या गजरात मनसोक्त खाकरणारी माझी लेक; तिथे एकही मान वळत नाही. "आपण इथेच राहायला येऊ या," ती दरवेळी म्हणते, आणि घर जवळ येऊ लागले की पाय ओढू लागते.

दिवाळीआधी शाळेने आम्हाला बोलावून घेतले. वर्गाला त्रास होतो, आवाज थांबले नाहीत तर दुसरी शाळा बघावी लागेल, असे तिच्या बाई अतिशय सौजन्याने म्हणाल्या. धाकटी माझ्या शेजारीच बसली होती, पेपरवेटच्या काचेतला बुडबुडा निरखत. तिचे लक्ष नाही, असे आम्ही तिघांनीही गृहीत धरले.

सुट्टीनंतर एका दुपारी त्याच बाईंचा फोन आला. "अहो, हल्ली अगदी शांत बसते हो. चकार आवाज नाही. काय केलंत तुम्ही?" आम्ही काहीच केले नव्हते. तरीही तिचे बाबा पेढे घेऊन लवकर घरी आले, आणि कितीतरी दिवसांनी माझा श्वास सैल झाला.

संध्याकाळी ती शाळेच्या व्हॅनमधून उतरली, दारात दप्तर टाकले आणि सारे एकदम सुरू झाले. खाकरणे, खांदा, मान, पापण्या. काठोकाठ भरलेली घागर हिंदकळावी तसे तिचे इवलेसे अंग हिंदकळत राहिले. ओसरले तेव्हा मी तिच्या मानेला कोमट तेल चोळू लागले. कातडीखालचा स्नायू ओल्या सुंभासारखा ताठ होता. पेढा तिने हातात नुसता धरून ठेवला होता.

"दिवसभर वर्गात मग कुठे असतात गं हे आवाज?" मी विचारले.

क्वचितच कशावर ठरणारे तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावर ठरले. आईला एवढेही कसे कळत नाही, अशा नवलाने मला न्याहाळत ती म्हणाली, "पोटात."