सहाशे ग्रॅम

अंगणात मोहफुलं वाळत घातली की त्यांच्या गोड, आंबूस वासाबरोबर मला तो काटा आठवतो. एकट्यानं जंगलवाटा पायी फिरण्यासाठी मी स्वस्त आणि हलका तंबू शोधत होतो. पाकिटावरच्या वजनावर माझा विश्वास नव्हता, म्हणून दुकानदाराकडून दोन तंबू पाहायला घरी आणले आणि मोहफुलं तोलायच्या काट्याला अडकवले. एकट्याचा दीड किलो भरला, दोघांचा दोन किलो शंभर ग्रॅम. बायको फुलं परतत होती. "एकट्याचाच काऊन घेऊन राह्यले?" तिनं विचारलं. "दुसऱ्यात सहाशे ग्रॅम जास्त आहे," मी म्हणालो. ती हसली. "मंग मलेबी लटकवा काट्याले. पाहू, माहं किती ओझं होते तुम्हाले." मीही हसलो आणि एकट्याचाच ठेवून घेतला. दोन वर्षांनी ती आजारी पडली. दवाखान्यात दर आठवड्याला तिचं वजन घेत आणि दर वेळी ते कमीच भरे. अडतीस किलो भरलं त्या दिवशी काट्यावरून उतरताना माझा हात धरून ती म्हणाली, "आता तर हलकी झाली ना मी? न्याल का मंग जंगलात?" तिलाही यायचं होतं, हे मला तेव्हा कळलं. मी हो म्हणालो. घरी तंबू एकट्याचाच होता. अजून तोच आहे.