बाबांचं नको

आई गेल्यानंतरच्या वर्षात मी बाबांना घेऊन जेवढी हॉटेलं फिरले, तेवढी त्याआधीच्या सगळ्या आयुष्यात मिळून फिरले नसेन. हौस म्हणून नाही. बाबा जेवत नव्हते, म्हणून.

आम्ही घाटकोपरला राहतो, मी आणि बाबा. माझं लग्न झालं नाही, भाऊ पुण्याला असतो. बाबा मूळचे मालवणकडचे. मिल बंद पडेपर्यंत मिलमध्ये होते, मग मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमन. अंगाने ते कधीच भरलेले नव्हते, पण आई गेल्यावर जे उतरायला लागले ते थांबेचनात. शर्टाच्या कॉलरमध्ये मान हलायला लागली. सगळ्या तपासण्या झाल्या, सगळे रिपोर्ट चांगले आले. डॉक्टर म्हणाले, "आजार काही नाही. पोटात अन्न जात नाहीये. असंच चाललं तर अ‍ॅडमिट करून नाकातून नळी घालावी लागेल." मी बाबांकडे बघितलं. ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले होते, जसं काही नळी दुसऱ्या कुणाच्या नाकात जाणार आहे.

मी करत काय होते? सकाळी उठून भात, आमटी, चपात्या, भाजी. सगळं झाकून ऑफिसला. संध्याकाळी आले की आधी झाकणं उचलून बघायची. भात होता तसा. भाजीतला एखादा बटाटा कमी. रात्री गरम करून ताट त्यांच्यासमोर ठेवायचं आणि विचारायचं, "बाबा, अजून भात देऊ?" नको. "आमटी तरी?" नको. मग मी कपडे मशीनला लावायला जायचे, कारण तेही कुणी येऊन लावणार नव्हतं. नको म्हणजे नको. दिवसभर डोकं पिकल्यावर माणसाने अजून काय समजायचं?

भावाने फोनवर तोडगा काढला. "अगं, चार भिंतींत बसून त्यांना कंटाळा आला असेल. रविवारी बाहेर ने ना. जरा चेंज." पुण्यात बसून सल्ला द्यायला काय जातं. पण माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं, म्हणून नेलं.

पहिल्यांदा अर्थातच मालवणी हॉटेल. ऑफिसमधल्या एकीने छातीठोकपणे सांगितलं होतं की घरची आठवण येईल. बाबांनी बांगड्याची वाटी नाकाशी नेली, परत खाली ठेवली आणि म्हणाले, "तिरफळां नाय." झालं. बांगडा निकालात. आई बांगड्याच्या आमटीत तिरफळं घालायची, गावाहून कुणी आलं की पुरचुंडीभर मागवून ठेवायची, हे मला माहीत होतं. पण तिरफळांवरून एवढं? वेटरने विचारलं, "काका, भात आणू अजून?" नको. त्याने ताट उचललं. भाताचा ढीग तसाच होता.

पुढच्या रविवारी उडप्याकडे. मिलच्या दिवसांत पगार झाला की मित्रांबरोबर हे इडली खायचे, आई सांगायची. इथे अर्धी इडली खाल्ली. वेटरने "और कुछ?" विचारता विचारता बिल टेबलावर ठेवलंसुद्धा. मग एक पंजाबी. बोरीवलीला मावशीकडे गेलो होतो, तिथलं. एसी एवढा की बाबांनी पिशवीतून मफलर काढून गळ्याला गुंडाळला. मेनूकार्ड टेलिफोन डिरेक्टरीएवढं. शेजारच्या टेबलावर एका कुटुंबाने बिनकांद्याची पावभाजी, नूडल्स, डोसा आणि छोले असं सगळं एकाच वेळी मागवलं होतं, आणि त्यांची आजी मजेत सगळ्यांतलं खात होती. मला त्या आजीचा हेवा वाटला, म्हणजे तिला घेऊन आलेल्या मुलीचा. आमच्या टेबलावर केशरी ग्रेव्हीत पनीर. बाबांनी एक तुकडा काट्याने ढकलून बघितला. वेटर मोठ्या अदबीने वाकला, "सर, रोटी?" नको. तोही गेला. सगळे विचारत होते, बाबा सगळ्यांना नको म्हणत होते, आणि सगळे माझ्यासारखेच शहाणे, लगेच मागे फिरत होते.

एका शनिवारी वजनाला नेलं. सकाळी स्वयंपाक, मग ऑफिसात अर्धा दिवस, बसमध्ये उभी, दवाखान्यात गर्दी. एक खुर्ची रिकामी झाली ती बाबांना दिली. काटा आणखी खाली आला होता. डॉक्टर या वेळी समजावायच्या भानगडीत पडले नाहीत. म्हणाले, "सोमवारी बॅग घेऊन या." मी हो म्हटलं. मला रडू वगैरे आलं नाही, नुसते पाय दुखत होते. रजा कशी काढायची, रात्री हॉस्पिटलात कोण थांबणार, भाऊ येईल का, याचा हिशेब डोक्यात चालू झाला आणि अर्ध्यावरच बंद पडला. इतकी थकले होते.

स्टेशनच्या पूर्वेला गुजराती थाळीची हॉटेलं आहेत. त्यातल्या एका दारात रांग नव्हती, आत पंखा आणि रिकामी खुर्ची दिसत होती. मी पायरी चढले. बाबा खालीच थांबले. "गुजराती? आमटीत गूळ घालतत ते."

"मला बसायचंय बाबा," मी म्हटलं. "तुम्हाला यायचं तर या, नाहीतर उभे रहा इथेच." ऐंशीच्या माणसाशी असं बोलू नये. बोलले. ते मुकाट्याने वर आले.

बसलो नाही तोच एक माणूस पितळी तस्त आणि तांब्या घेऊन हजर. बाबांच्या हातावर पाणी घालायला लागला. बाबा अवघडले, पण हात पुढे धरले. मेनूकार्ड नाही. कुणी काही विचारलं नाही. मोठ्या ताटात वाट्या मांडलेल्याच होत्या, त्यात एकामागून एक माणसं येऊन घालून जायला लागली. ढोकळा, दोन भाज्या, कढी, आमटी. फुलकेवाला आला, माझ्याच वयाचा, मिशा पिकलेला. बाबांच्या ताटात तुपाचा फुलका टाकून पुढे गेला.

बाबांनी आमटी चाखली. "गोड," म्हणाले. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते आमटी भुरकत राहिले. फुलका संपता संपता मिशीवाला परत आला. "नको," बाबा म्हणाले आणि ताटावर हात धरला. त्याने हाताच्या बाजूने फुलका सरकवला. "गरम है काका." आणि गेला. बाबांनी त्या फुलक्याकडे बघितलं. मग खाल्ला. भाजीवाला आला. नको. त्याने डावभर घातली. तीही खाल्ली. भात. नको, नको. भात पडला, वर कढी पडली, बाबांनी ती कालवली आणि मान खाली घालून जेवायला लागले.

माझा घास हातातच राहिला. आमच्या घरातलं जेवण माझ्या डोळ्यांसमोर आलं. बाबा पाटावर, आई शेजारी भाताचं भांडं घेऊन उभी. तिने त्यांना कधी 'हवं का' विचारलंच नव्हतं. विचारायची गरज काय? बाबा नको म्हणायचे, ती वाढायची. पुन्हा नको, पुन्हा वाढायची. ते नको म्हणजे नुसता जेवतानाचा आवाज होता. आणि ती गेल्यावर त्यांचं नको आम्ही सगळ्यांनी खरं मानलं. त्यांना मागता येत नव्हतं. आयुष्यात एकदाही मागावं लागलं नव्हतं, शिकणार कुठून?

चूक माझी, असं मी म्हणणार नाही. उलट मला राग आला. आईचा जन्म गेला त्या भांड्यापाशी. यांचं उरकलं की ती एकटी ओट्यापाशी बसून तळाचं जेवायची. इथे तेच करायला पाच माणसं पगारावर ठेवली आहेत, आणि आमचे बाबा सुखाने जेवताहेत. आमटी गोड असूनसुद्धा. म्हणजे तिरफळांचं निमित्तच होतं सगळं. मला ते ताट उचलून फेकावंसं वाटलं, आणि त्याच वेळी आणखी एक फुलका जावा म्हणून जीव टांगणीलाही लागला होता.

नळी घालावी लागली नाही, हे सांगून टाकते. सोमवारी मी डॉक्टरांना फोन करून चार दिवस मागून घेतले. आता घरी मी विचारत नाही. त्यांच्या शेजारी बसते, त्यांच्याबरोबर जेवते आणि गप्प वाढते. उभी मात्र राहत नाही. ते आईचं आईबरोबर गेलं.

पण मला सांगायचंय ते त्या दुपारचंच. मिशीवाला फुलके घेऊन माझ्याकडे आला. माझा पहिलाच तसाच पडला होता. "बस, नको," मी म्हटलं आणि ताटावर हात धरला. माझा चेहरा बघून असेल, त्याने आग्रह केला नाही, पुढे निघाला. तेवढ्यात बाबांनी तोंडातला घास संपवला आणि त्याला हाक मारली.

"ओ भाऊ, इसको वाढो. वो नको बोलेगी, सुनने का नहीं. सुबह से खडी है वो."

म्हणजे त्यांनी बघितलं होतं. दवाखान्यातली खुर्ची, कदाचित बाकीचंही सगळं, रोजचं. हे असं काही बाबांना बोलता येतं, हेच मला माहीत नव्हतं. आई पन्नास वर्षं त्यांच्या शेजारी उभी होती. तिला कुणी तरी वाढा, असं ते कधी कुणाला म्हणाले नव्हते.

मिशीवाला परत आला आणि ताटाशी थांबला. मी हात काढला. फुलका आईचा होता, असं मला वाटत राहिलं. पण भूक मला लागली होती, म्हणून मी खाल्ला.