खिरीच्या दिवशीची माझी सही

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, मे महिन्यात, आमचा चाळीस जणांचा तात्पुरता कॅम्प पुलगावच्या पुढे रस्त्याकडेला पडला होता. मी लान्स नायक देवराव, नर्सिंग असिस्टंट. म्हणजे कॅम्पचा अर्धा डॉक्टर. गोळ्या देणं, पट्ट्या बांधणं, आणि दर सोमवारी सकाळी सहाला लंगरच्या स्वयंपाक्यांची तपासणी. याला फौजेत एफएफआय म्हणतात. नखं, घसा, कातडी बघायची आणि माणूस निरोगी असेल तरच रजिस्टरवर सही करायची. सही नाही तर लंगरमध्ये पाऊल नाही. नियम सोपा होता. तो पाळायचं काम माझं होतं.

कुक नारायण गिरडकडचा, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला. मी नालवाडीचा, दोन्ही गावं वर्ध्याकडचीच. त्यामुळे आमच्या दोघांत हिंदी चालायची नाही. त्या सोमवारी दुपारी बडा खाना, म्हणजे सगळ्यांचं एकत्र मोठं जेवण होतं. आमचे हवालदार बळीराम पेन्शनला निघाले होते. तेही नालवाडीचेच. कंपनीत त्यांच्या शिव्या न खाल्लेला जवान नव्हता, आणि त्यांच्यावर राग धरलेला एकही नव्हता.

तपासणीत नारायण डावा हात मागे ठेवून उभा राहिला. मी ओढून पुढे घेतला. अंगठा टरारून सुजलेला, नखाच्या कडेला पू.

"हे काऊन लपवून राह्यला बे?"

"वांग्याचा काटा रुतलता, देवराव. आज मले हटवू नको गा. हवालदार साहेबाले माह्या हातची खीर द्याची हाय. मंग उद्या बसवजो."

भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. मी त्याला अंगठ्याला फडकं बांधायला सांगितलं आणि सही केली.

सात वाजता खीर तयार झाली. ती कोमट झाल्यावर नारायणने खवा हाताने मोडून तिच्यात घातला. जेवण साडेअकराला ठरलं होतं. पण कंपनी कमांडर पाहुण्यांना घेऊन यायचे होते, त्यांची जीप रखडली. पातेलं झाकून पत्र्याच्या शेडमध्ये राहिलं. बाहेर ऊन असं होतं की पत्र्याला हात लावला तर पोळावा. दीडला जीप आली. नारायणने खीर पुन्हा चुलीवर चढवली.

"खदखदून उकळी देल्ली," तो म्हणाला, "आता काय राह्यते तिच्यात?"

मलाही तसंच वाटलं. हवालदार साहेबांनी तीन वाट्या खाल्ल्या.

सव्वाचारला पहिला जवान ओकला. पाचपर्यंत सत्तावीस जण आडवे. उलट्या, जुलाब, पोटात पिळा. अंगात ताप मात्र कोणालाच नाही. सुभेदार साहेबांनी वायरलेस घेतला.

"सत्ताईस आदमी बीमार. डॉक्टर भेजो. ओव्हर."

"ज़हर का शक? ओव्हर."

"दूधवाले पर शक है. ओव्हर."

दूध गावातल्या रामाजी गवळ्याकडून यायचं. दोन जवान जाऊन त्याला धरून घेऊन आले. म्हातारा तंबूच्या खुंट्याशी हात जोडून बसला होता. "मी काई नाई केलं बाप्पा," एवढंच म्हणत होता. कोणी ऐकत नव्हतं. मी ऐकत होतो, आणि गप्प होतो.

वर्ध्याच्या हॉस्पिटलकडे पहिला ट्रक निघायचा होता. हवालदार साहेबांना आधी चढवायला गेलो, तर त्यांनी मला ढकललं. "पोट्टे पाठव आधी. मी जातो मांगून." त्यांचे ओठ कोरडे पडले होते. ओकारीतून वर मान काढून ते म्हणाले, "अन् देवराव, त्या नारायणच्या बोटाले पट्टी करून दे. सकाळपासून लपवून राह्यला लेकाचा. दुखत असंन त्याले."

तोवर मी तो अंगठा मनातून हद्दपार केला होता.

तेवढ्यात जीपमधून डॉक्टर कॅप्टन साहेब आले. मी सावधानमध्ये उभा राहून सांगितलं, "सर, कुकच्या अंगठ्यात पू आहे. एफएफआयवर सही माझी आहे."

त्यांनी अंगठा पाहिला. वेळा विचारल्या. मग शांतपणे म्हणाले, "या पुवातले जंतू खव्यात गेले. सहा तास गरमीत वाढले आणि विष सोडलं. उकळीने जंतू मरतात, देवराव. विष मरत नाही." सुभेदार साहेबांकडे वळून म्हणाले, "गवळ्याला सोडा."

दुसऱ्या ट्रकमध्ये हवालदार साहेबांच्या शेजारी मी बसलो. सलाइन लावलं होतं, पण नाडी बोटाखालून निसटत होती. उन्हाने आणि जुलाबांनी शरीर आधीच सुकलं होतं. डॉक्टरांनी नंतर हृदय थकलेलं होतं असंही सांगितलं. वर्धा यायच्या आत, सहा चाळीसला, ते गेले. बाकी सव्वीस जण दोन दिवसांत उठून चालू लागले.

चौकशीत माझी बाहीवरची फीत गेली, मी पुन्हा साधा शिपाई झालो. शिक्षा कमीच झाली. नारायणला लंगरमधून काढून स्टोअरला टाकलं. त्याने पुन्हा कधी खीर केली नाही, कोणी मागितलीही नाही.

तेराव्याला मी नालवाडीला गेलो. हवालदार साहेबांच्या बायकोसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. अंगठा, सही, रामाजी, सगळं.

त्या म्हणाल्या, "तुमच्यावर राग येऊन राह्यला मले. खोटं नाई सांगत."

"हो, वहिनी."

"पन त्या गवळ्याले सोडवलं, हे बरं केलं." त्या उठल्या, घंगाळात हात धुतले, माझ्यासमोर ताट मांडलं. "जेवून जाजा. ह्या घरून कोनी उपाशी गेलेलं त्याहिले चालत नोतं."

मी ताट संपवूनच उठलो. हवालदार बळीराम यांच्या घरचं ते जेवण होतं.