पोटरीचा दोर

अकोल्याच्या मुलींच्या शाळेत मला लागून तिसरं वर्ष होतं. साठ सालानंतरची गोष्ट. स्नेहसंमेलनात शिक्षिकांची धावण्याची शर्यत ठेवली होती. पदर खोचून मी निघाले आणि दहा पावलांत टाचेमागे कोणीतरी काठीचा सणसणीत फटका मारला. आवाजही झाला, वाळकी फांदी मोडावी तसा. मी गर्रकन वळले. मागे ड्रिलच्या बाई होत्या.

"काठी काहून मारली वो?" मी ओरडले.

त्या दहा हात लांब होत्या, हातात नुसती शिट्टी. "बाई, तुमाले तं कोणीच हात नाई लावला," त्या म्हणाल्या. मी पुढचं पाऊल टाकलं आणि खाली बसले. पाय होता, पण पायात जोरच नव्हता.

रक्त नाही, फारशी सूजही नाही. सगळ्यांनी ठरवलं, मुरगळला. आई आठ दिवस गरम तेलानं चोळत होती. दुखणं कमी झालं, पण चालताना टाच उचलतच नव्हती. माझा मोठा भाऊ अमरावतीला नोकरीला होता. तो आला, माझं चालणं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मला तिकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी पालथं झोपवलं आणि चांगल्या पायाची पोटरी दाबली. पाऊल हललं, असं भाऊ म्हणाला. मग दुसरी दाबली. हे पाऊल हललं नाही, असं तो म्हणाला.

डॉक्टरांनी माझा हात धरून टाचेच्या वर नेला. "इथं बोट ठेवा."

बोट आत गेलं. कातडीखाली खड्डा होता. माझ्याच अंगात आठ दिवस हा खड्डा होता आणि आई त्यावर तेल चोळत होती.

"पोटरीला टाचेशी बांधणारा दोर असतो. तो तुटला. टाके घालावे लागतील," डॉक्टर म्हणाले. "फार मोठी चीर घेणार नाही. इथली जखम लवकर भरत नाही."

कमरेत इंजेक्शन दिलं. मी पूर्ण जागी होते. थोड्या वेळानं नर्सनं एक पाय वर धरून त्याला औषध फासायला घेतलं. पिवळा, जड, मेल्यासारखा पाय.

"हा कोणाचा?" मी विचारलं.

"तुमचाच की वो बाई," ती म्हणाली.

मला ते खरंच वाटेना. मग पालथं केलं. डॉक्टर दोरा ओढत होते तेव्हा माझं सगळं अंग हलत होतं, दुखत मात्र काहीच नव्हतं.

मांडीपर्यंत प्लॅस्टर घातलं. पुढचे दोन महिने भावाच्या खोलीत काढले. ड्रिलच्या बाई एसटीनं भेटायला आल्या, तेव्हा मी त्यांचा हात धरून माफी मागितली. "जाऊ द्या वो, मलेबी वाटलं होतं कोणी मारलं म्हणून," त्या म्हणाल्या.

प्लॅस्टर कापलं त्या दिवशी भावानं तोंड फिरवलं. पोटरी जागेवर नव्हतीच. मनगटाएवढी काठी, वर कोंडा सुटलेली कातडी. मी रडले नाही, पण बराच वेळ पातळ ओढून पाय झाकून बसले.

पावसाळा संपता संपता फळ्याच्या वरच्या ओळीवर लिहिताना माझ्या दोन्ही टाचा उचलल्या. मुली धडा उतरवून घेत होत्या. कोणाच्या लक्षातही आलं नाही.