उकिडवं बसून दाखवा

पेण ते रोहा हा रस्ता मला संडासांवरून पाठ झालेला आहे. आमच्या हमरापूर स्टेशनावरून पॅसेंजरनं गेलं तर गाडीतच सोय असते, त्यामुळं जीव जागेवर राहतो. एसटीनं जायचं म्हटलं की मी आदल्या दिवसापासून जेवण कमी करते. वडखळला एक हॉटेल आहे, तिथला माणूस चांगला, चहा न घेता जाऊ देतो. नागोठण्याच्या स्टँडवरच्या दाराला आतून कडी नाही, म्हणून एका हातानं दार धरून बसायचं. ज्याला हा आजार नाही त्याला हे वाचून हसू येईल. येऊ दे. आता मलाही येतं.

आम्ही परभणीकडचे. माझी शाळा सातवीत सुटली. लग्नानंतर नवऱ्याला रोह्याच्या एका केमिकल कंपनीत कंत्राटी हेल्परचं काम लागलं आणि मला पेणजवळ जोह्याला गणपतीच्या कारखान्यात. कारखाना काकूंचा. आम्ही त्यांना काकूच म्हणतो, पण सगळा कारभार त्यांच्या हातात. मागच्या बाजूची एक खोली त्यांनी आम्हाला राहायला दिली. मी मूर्तीचं सोनेरी काम करते. मुकुट, हार, सोंडेवरची नक्षी, पायातले तोडे. मूर्ती जमिनीवर, आपण तिच्यासमोर उकिडवं, आणि दिवसभर तसंच सरकत सरकत पुढच्या मूर्तीकडं जायचं. सगळ्या बाया तशाच बसतात.

पोट दुखायचं ते कितीतरी वर्षं. आधी टीबी समजून गोळ्या झाल्या, मग दुर्बिणीची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी नाव सांगितलं, क्रोन्स. मी त्यांना ते दोनदा म्हणायला लावलं. त्यांनी सोपं करून सांगितलं की शरीराचे राखणदार स्वतःच्याच आतड्याला चोर समजून मारतात. मला ते पटकन कळलं. माझाही स्वभाव तसाच आहे, नसलेल्या चोराला भिण्याचा. आजार जन्माचा सोबती, पण औषधानं दबून राहतो म्हणाले, आणि बरीच वर्षं राहिलाही.

यंदा संक्रांतीनंतर मात्र खाल्लेलं पुढं सरकेना. पोट नगाऱ्यासारखं फुगायचं आणि उलटी झाल्याशिवाय उतरायचं नाही. आतडं एका जागी सुजून सुजून अरुंद झालं होतं. तेवढा तुकडा कापून दोन टोकं जोडायची, असं पनवेलच्या पुढच्या मोठ्या दवाखान्यात ठरलं. जोड लगेच धरेल असं वाटलं नाही तर काही महिने पोटावर आतड्याची वाट काढून मळासाठी पिशवी लावावी लागेल, ते आत बघितल्यावरच कळणार होतं.

मी डॉक्टरांना एकच विचारलं, "मला खाली बसून काम करता येईल ना?"

"आधी बऱ्या तर व्हा," ते हसून म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं. पण माझ्या डोक्यात हिशेब वेगळा. बसता आलं नाही तर काम गेलं, काम गेलं तर खोली गेली, आणि खोली गेली की परत गावाला. गावाकडं या आजाराचा डॉक्टर गाठायचा म्हणजे दोन दिवसांचा प्रवास. इथं राहिले तरच मी जगणार, असं मला सरळ वाटत होतं. आईचा फोन आला तेव्हा तिची काळजी तिसरीच. "आतडं कापलं तर भाकर कुठं राहणार गं माय?"

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक सिस्टर आली. हातात निळं मार्कर. पिशवी लागली तर कुठं लावायची त्या जागेची खूण आज करून ठेवायची म्हणाली. "साडी नेसता का ड्रेस?"

"दोन्ही."

"नाडी कुठं बांधता ते दाखवा." मी दाखवलं. मला झोपवलं, बसवलं, उभं केलं, आणि नाडीच्या खाली एक गोल काढला. मग सहज विचारलं, "ताई, काम काय करता?"

"गणपती रंगवते."

"खुर्चीवर?"

"नाही हो. उकिडवं."

"मग बसून दाखवा उकिडवं."

दवाखान्याचा तो मागून नाडीचा झगा घालून मी दोन खाटांच्या मधे खाली बसले. सवयीनं उजवा हात वर गेला, जणू ब्रश धरलाय. सिस्टर माझ्यासमोर गुडघ्यावर बसली आणि तिनं पोटाकडं पाहिलं. "बघा, गोल गेला वळीत. इथं लावली असती तर रोज गळली असती." शेजारच्या खाटेवरची आजी म्हणाली, "आता गणपती बी दाखव की, कुठं बसलाय." सिस्टर इतकी हसली की मार्कर हातातून पडलं. मग तिनं स्पिरिटनं पहिला गोल पुसला, मला पुन्हा बसवलं, पुढं सरकवलं, वाकवलं, आणि नाडीच्या चार बोटं वर दुसरा काढला. "आमच्या घरचा गणपती पेणचाच असतो," ती म्हणाली. "तुमचाच निघायचा एखाद्या वर्षी."

त्या रात्री मला झोप लागली. माझ्या पोटाची जागा ठरवताना माझं काम कुणीतरी विचारात घेतलं होतं. बाकी सगळं तसंच होतं, तरी तेवढ्यावर झोप लागली.

शुद्धीवर आले तेव्हा हात आधी पोटावर गेला. पिशवी होती. मी रडले, खोटं कशाला सांगू. चारेक दिवस मी तिकडं बघितलंच नाही. नवऱ्यानं बघितलं. सिस्टरकडून तो पिशवी बदलायला शिकला. पोटाला चिकटवायच्या चकतीला फ्लँज म्हणतात हे ऐकून त्याचा चेहराच खुलला.

"अगं, कंपनीत आम्ही फ्लँजच बसवतो की. पाइपला."

"मी काय पाइप आहे?"

"तसं नाही. पण हे मला जमंल. पुसून कोरडं करायचं, मधोमध धरायचं, दाबायचं. गळती झाली तर तिकडं सुपरवायझर ओरडतो, इथं तू ओरडशील."

कात्रीनं तो चकतीचं भोक इतकं हळू कापायचा की मला त्याच्याकडं बघत राहावंसं वाटे. त्याच्या हाताकडं बघता बघता एक दिवस नजर पोटावर गेली. लालभडक, ओलं, बटणाएवढं आतडं. हात लावला तर दुखत नव्हतं. कितीतरी वर्षं ज्यानं मला तळमळायला लावलं ते असं गप्प बसलं होतं.

घरी आल्यावर काकूंनी माझा ताबा घेतला. भाकरी बंद, साल बंद, बी बंद. इथं आल्या आल्या मी या लोकांच्या भाताला नावं ठेवली होती. भातानं काय पोट भरतं, असं काकूंच्या तोंडावर बोलले होते. त्यांनी ते बरोबर लक्षात ठेवलं होतं. गरम पेजेचं पातेलं पुढं ठेवत म्हणाल्या, "घे गो. आता हीच तुजी भाकरी. नावं ठेवीत ठेवीत पी." मीठ घातलेली पातळ पेज. ती पोटातून सुखानं गेली. बऱ्याच महिन्यांनी काहीतरी सुखानं गेलं होतं. मी आणखी मागितली आणि काकूंनी पदरानं नाक पुसलं.

पुढं औषध सुरू झालं, वजन चढलं, डॉक्टरांनी हलकं काम करायला परवानगी दिली. सीझन जोरात होता. मी ब्रश घेऊन रांगेत बसले. पिशवी अगदी जागेवर होती, सिस्टरचा गोल चुकला नव्हता. पण टाक्यांची जागा ओढायला लागली. एक मुकुट कसाबसा झाला आणि उठायला गेले तर उठवेना. शेजारच्या मावशीनं आणि दुसऱ्या बाईनं काखेत हात घालून मला उभं केलं. मावशी पूर्वी मिठागरात राबलेली, तिचे स्वतःचे गुडघे गेलेले.

काकूंनी हे पाहिलं. "काय गो, बसवत नाय?"

"बसवतं, काकू."

"नाय बसवत. दिसतंय मला." आणि त्या निघून गेल्या.

मी भिंतीला टेकून उभी. मनात सामान बांधायला सुरुवात केली होती. पातेली कशात भरायची इथपर्यंत पोचले होते. तेवढ्यात मागून खडखड आली. काकू एक जुनं दार ओढत आणत होत्या, कडीकोयंड्यासकट. "बघत काय रायलाव, धरा!" रंगाचे मोठे रिकामे डबे उपडे घालून त्यांनी त्यावर दार आडवं टाकलं, माझी मूर्ती उचलून वर ठेवली आणि स्वयंपाकघरातलं स्टूल माझ्याकडं सरकवलं. "बस. वाकायचं नाय, उठायला कुनाला हाक मारायची नाय."

"मामलेदारीण बसली!" मावशी ओरडली. सगळ्या हसल्या. त्यात माझ्या पिशवीनं गुर्रर्र आवाज केला.

"कोन गो बोललं?" मावशीनं विचारलं.

"माझं पोट, मावशी. आता त्याला थांबवता येत नाही."

"मंग त्याला सांग, कामाच्या टायमाला बोलायचं नाय."

मी संध्याकाळपर्यंत बसले. मुकुटाची कड सलग गेली.

गणपती झाले की पिशवी काढून आतडं परत आत जोडायचं म्हणतात. भीती आहेच, माझी ती जाणार नाही. आजारही जाणार नाही, डॉक्टरांनी तसं स्वच्छ सांगितलंय. पण सीझन निम्मा झाला, स्टुलावर बसल्यापासून एकही खाडा नाही, आणि खोलीत आमची पातेली फळीवरच आहेत.

मावशी पहिले दोन दिवस माझी टिंगल करत होती. तिसऱ्या दिवशी "जरा गुडघं बघते" म्हणून दाराच्या दुसऱ्या टोकाला तिनं मूर्ती आणून ठेवली. मग आणखी एकजण आली. आता सकाळी जागेवरून भांडण असतं. काल मी आले तर माझ्या स्टुलावर मावशी.

"उठा, ही माझी जागा आहे."

"तुजं नाव लिवलंय काय त्याच्यावर?"

मी वाटीतला सोनेरी रंग घेतला आणि तिला उठवून स्टुलावर माझं नाव लिहिलं, वेलांटी-काना सगळं नीट, खाली एक नक्षीसुद्धा काढली. काकू पलीकडून ओरडल्या, "देवाला रंग पुरत नाय आनि ही स्टुलाला मढवतेय!"

रंग ओला होता, म्हणून दुपारपर्यंत दोघींनीही उभं राहून काम केलं.