लवंगेच्या तेलाचा बोळा

लवंगेच्या तेलाचा वास आला की आमच्या पापडी गावच्या चर्चमधली, पांढऱ्या झग्यातली धाकटी बहीण आठवते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. ती आठ वर्षांची होती. शाळेत दात तपासायला आलेल्या डॉक्टरांनी तिच्याबरोबर निरोप पाठवला होता, उजवी दाढ किडली आहे, आत्ताच चांदी भरून घ्या. आई म्हणाली, "दुधाचा दात हाय, पडंल आपोआप. भरायचा कशाला?" आणि दाढेत लवंगेच्या तेलात भिजवलेला कापसाचा बोळा बसवला. त्या रविवारी तिचा पहिला ख्रिस्तप्रसाद होता. प्रसादाची ती पातळ चकती म्हणजे येशूचं शरीर, तिला दात लावायचा नाही, असं धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवत. मी दहा वर्षांचा होतो. म्हणालो, "तुझ्या खड्ड्यात येशू अडकून बसला तर?" ती हसली नाही. "मग काय होतं?" "पाप लागतं." रविवारी सकाळी, प्रसादाआधी तोंडात काही नको म्हणून आईने बोळा काढला. फादर प्रसाद घेऊन समोर आले, तेव्हा बहिणीने तोंड उघडलंच नाही. ते क्षणभर थांबले आणि पुढच्या मुलीकडे गेले. घरी पाहुणे मान खाली घालून जेवले. आईने खूप विचारलं, पण ती बोलली नाही. मीही बोललो नाही. महिन्याभरात तिचा गाल सुजला आणि दाढ काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, ही दुधाची नव्हती, कायमची होती. पुढच्या वर्षी तिने प्रसाद घेतला. आता तिने पन्नाशी ओलांडली आहे. प्रसाद घेऊन ती बाकाकडे परतते, तेव्हा तिचा उजवा गाल किंचित आत गेलेला दिसतो, आणि मी दुसरीकडे बघतो.